दुसऱ्या बाजूनं

“पाणी देते,” सरजाबाई याकोब पाळकांना म्हणाली, “पण त्याला बुडवताना दुसऱ्या बाजूनं मी धरणार.”

लातूरचा नवा जिल्हा झाला, कलेक्टर आला, पण चाकूरजवळच्या त्या गावात टँकर काही आला नाही. नदीत नुसती वाळू. माणूस बुडेल एवढं पाणी साऱ्या शिवारात एकट्या सरजाबाईच्या विहिरीला होतं, आणि बाप्तिस्मा घ्यायचा होता शेषेरावला. ह्याच बाबानं बांधाच्या भांडणात, दारूच्या नशेत तिच्या गोठ्यालगतची कडब्याची गंज पेटवून दिली होती. बैलं सोडवायला धावलेली तिची लेक सिंधू गोठ्यातच जळाली. जेल भोगून आला आणि मुकाट्यानं चर्चच्या मंडळीत येऊन बसायला लागला.

“माय, प्रभूनं त्याला माफ केलंय,” पाळक चाचरत म्हणाले.

“मला न इचारताच? लेक तर माझी मेली.”

एका बाजूनं पाळक, दुसऱ्या बाजूनं मंडळीतलं कुणीतरी, अशी रीतच होती. ती मंडळीतलीच. पाळकांनी नाही तरी कसं म्हणावं?

रविवारी सगळी मंडळी विहिरीच्या काठावर जमली. सरजाबाई पदर खोचून पायऱ्या उतरली आणि छातीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. हा वर येता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पाळक म्हातारे. तिच्या मनगटात मात्र जन्मभर पाणी शेंदल्याचं बळ होतं.

पाळकांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि शेषेराव पाण्याखाली गेला. पाळक त्याला उचलायला गेले. सरजाबाईनं मान दाबून धरली.

“माय, सोड,” पाळक कुजबुजले.

तिनं सोडली नाही. आता हा लाथा झाडेल, सिंधू तडफडली तसा तडफडेल, म्हणून ती डोळे फाडून बघत होती. तेवढंच तिला बघायचं होतं. पण शेषेराव हलेना. हात मोकळे होते, ते त्यानं छातीवर जोडून धरले होते. तोंडातून बुडबुडे यायला लागले तरी ते हात सुटले नाहीत. म्हणजे ह्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो तिच्या विहिरीत उतरला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाला धरून तिनं त्याला खसकन वर काढलं.

शेषेराव खोकत, धापा टाकत उभा राहिला. काठावर मंडळीनं गाणं धरलं. वरून त्यांना काय कळणार?

“मरून सुटायला आलतास व्हय माझ्याकडं?” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “न्हाई मरू द्यायची मी तुला. जग आता.”

त्यानं मान डोलावली.

पाळक पुढं चढले. मागून शेषेराव लटपटत निघाला. सरजाबाईची मूठ अजून त्याच्या दंडावर तशीच आवळलेली होती.

“हात सोड, माय. चढतो मी.”

“गप,” सरजाबाई म्हणाली. “शेवाळ हाय. सिंधू बी हितंच घसरायची.”