साडेसातशेचा डबा

“आपल्या घरात दुसरा साडेसातशेवाला मावत नाही,” ताराचंद म्हणाला आणि त्याने ताट सरकवलं. त्याच्यापुरता विषय संपला होता.

राखी आपलं ताट उचलून उठली. तिला तुमसरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. घरी स्वतःचा कॉम्प्युटर नसेल तर सराव कशावर करायचा? घरातला एकुलता एक कॉम्प्युटर दिवसभर मोठ्या बहिणीच्या कामात अडकलेला असायचा.

ती मोठी बहीण, उर्वशी, बसूनच राहिली. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी कॉम्प्युटर आणताना याच बाबांनी एका शब्दाने ‘कायले’ विचारलं नव्हतं. मग धाकटीच्याच वेळी असं का?

उर्वशी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नागपूरच्या एका कंपनीचं पावसाच्या आकडेमोडीचं काम ती सिहोऱ्याच्या घरात बसून करायची. कॉम्प्युटर जोडून घेताना साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तिनेच हट्टाने टाकायला लावला होता. दुकानदार संजीव तेव्हाच म्हणाला होता, “ताई, तुमच्या मशीनले साडेचारशेचाबी लय होते.” तिने ऐकलं नाही. पुढेमागे मोठं ग्राफिक्स कार्ड टाकू, असं तिच्या मनात होतं. ते कार्ड काही आलं नाही. पण उन्हाळ्यात रोज दुपारी लाइट जायची, इन्व्हर्टर लागायचा आणि मधल्या त्या झटक्यातही तिचं मशीन कधी बंद पडलं नाही. त्याचं सगळं श्रेय ती त्या मोठ्या सप्लायला द्यायची.

मावत नाही म्हणजे काय, हे मात्र तिला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ताराचंद अंगणात विळ्याला धार लावत होता.

“इन्व्हर्टर आठशेचा हाये,” तो म्हणाला. “तुहा एकटा साडेसातशे खाते. राखीचा कुठून आनू?”

उर्वशी हसली आणि मग ओशाळली. आपण आजवर मोजून पाहिलंच नाही, आणि यांना सांगितलंही नाही. ती संजीवकडे गेली आणि वॅट मोजायचं छोटं मीटर मागून आणलं. दुपारी जेवणं झाल्यावर तिने कॉम्प्युटरचा प्लग त्यात खोचला आणि सगळ्यांना बोलावलं.

मीटरवर आकडा आला. चौऱ्याण्णव.

ताराचंदने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “ह्याले जोर लाव. पूर्न ताकदीनं चालव.”

तिने सगळ्यात जड आकडेमोड सुरू केली. मशीनचा पंखा घरघरला. आकडा एकशे अठरावर जाऊन थांबला.

“डब्यावर तं साडेसातशे लिवलं हाये,” आई रुखमिणी म्हणाली.

“आई, तेवढं तो देऊ शकते. तेवढं खात नाही.” उर्वशी बाबांकडे वळली. “तलाव केवढाबी असो, बाबा, बांधी आपल्या पोटापुरतंच पानी घेते ना?”

ताराचंदच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, गावच्या तलावाच्या पाण्यावरच पिकायच्या. हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बोटांवर त्याने काहीतरी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

“मंग राखीचाबी येऊ दे,” तो शेवटी म्हणाला.

“साडेचारशेचा घेऊ,” उर्वशी म्हणाली. “माह्यासारखा भपका नको.”

“मले आधी घ्या तं,” राखी म्हणाली, आणि सगळे हसले.

तेवढ्यात लाइट गेली. कोपऱ्यातला इन्व्हर्टर टक् करून लागला. कॉम्प्युटर चालूच राहिला.

ताराचंदने उठून पुढच्या खोलीतल्या पंख्याचं बटण बंद केलं. रुखमिणीने कोपऱ्यातली चटई काखेत मारली आणि खुंटीवरचा विणलेला हातपंखा घेतला. दोघं अंगणातल्या निंबाकडे निघाली. दोन उन्हाळे हे असंच चाललं होतं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असताना यांना झाडाखाली बसायची काय हौस, म्हणून उर्वशी त्यांना चिडवायची. आत गुदमरते, असं आई म्हणायची. पुढच्या खोलीचा पंखा इन्व्हर्टरला जोडलेलाच नाही, असं उर्वशी समजून चालली होती.

आज तिने बटणावरचा हात पाहिला.

“बाबा, हा पंखा इन्व्हर्टरवर चालते?”

“चालते ना.”

“मंग बंद काहून केला?”

ताराचंद दारात थांबला. आपलाच हात सवयीने तिकडे गेला, हे त्याच्याही आत्ता लक्षात आलं.

“आठशातून साडेसातशे गेले का पन्नास उरते,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. पाढा म्हणावा तसं तो सांगत होता. “तेवढ्यात तुहा टेबलफॅन चालते. मंग आमी बाहेर बसलो. तलावाच्या पान्याचं तसंच असते, बाई. ज्याची बारी हाये त्याची बांधी भरेपर्यंत बाकीच्याइनं आपला पाट बांधून ठेवाचा.”

एकशे अठरा. टेबलफॅनचे चाळीस. छताच्या पंख्याचे पंचाहत्तर. बेरीज अडीचशेलाही पोचत नव्हती. ही बेरीज तिला दोन वर्षांत कुठल्याही दुपारी करता आली असती.

तिने आईच्या काखेतली चटई काढून घेतली, पंख्याखाली अंथरली आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला. कॉम्प्युटरही चालूच राहिला.

“दोघंबी आत या,” ती म्हणाली. “माही बांधी कवाचीच भरली, बाबा.”