गव्हाणीतलं बाळ

१९५८ सालचा नाताळ. चर्चच्या मंडळीतलं सर्वांत धाकटं बाळ देवळातल्या गव्हाणीत निजवायची आमची रीत होती. त्या वर्षी ते माझ्या अविवाहित सलोमीताईचं होतं, म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी गव्हाणीत बाहुली ठेवली.

भर उपासनेत आई उठली. बाहुली उचलून तिनं पंचांच्या बाकावर भिरकावली.

“रहेलबाई, या पोराला बाप नाही!” शांतवनपंच ओरडले.

“मग मरियेलाही गोठ्यातून हाकललं असतंत तुम्ही! देव जगात आला तो तुमची परवानगी विचारून नाही, दादा!”

तिनं बाळाला गवतावर निजवलं. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी त्याला आपली शाल पांघरली.

ताई पुढे नर्स झाली. म्हातारपणी शांतवनपंचांना लकवा मारला, तेव्हा दर रविवारी त्यांना उचलून देवळात आणायचा तो तोच पोरगा.

आई त्यांना माफ न करताच गेली. मीही केलेलं नाही.