ऐनवेळची माघार

पायाचा फोड फोडताना तिने सुई गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात टोचली. थोरला दीर डोंगराकडे बघत राहिला.

"दुखलं का भाऊजी?"

"नाही."

"दुखायला हवं होतं," ती पुटपुटली आणि कापसावर औषध ओतलं.

डोंगरातली पायवाट जिथे जिथे डांबरी रस्त्याला येऊन मिळायची, तिथे ती आधीच व्हॅन लावून उभी असायची. एरवी याच व्हॅनमधून ती शाळेची मुलं ने-आण करायची. आता मागच्या सीटवर कोरडे मोजे, पाण्याचे कॅन आणि स्टोव्ह होता, पुढच्या सीटवर सासूबाई. थोरला मुलगा ही सगळी वाट पायी तुडवून किडनीच्या रुग्णांसाठी निधी गोळा करणार, हे कळल्यावर सासूबाईंनी परस्पर वाटणी करून टाकली होती. "पाय त्याचे, गाडी तुझी, तोंड माझं."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. वाट जिथे संपत होती तिथेच ते हॉस्पिटल होतं. तिथे समारंभ होणार होता, पाहुणे येणार होते, माईक असणार होता. त्या माईकवर तिला एकच गोष्ट सांगायची होती, आणि तेवढ्यासाठी ती हे मोजे धूत होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तिची जुळली नाही, थोरल्या भावाची जुळली. भावाची किडनी घ्यायला नवराच का-कू करत होता. "दादाची पोरं लहान आहेत गं," एवढंच पालुपद. तिने रडून, भांडून, अबोला धरून त्याला तयार केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेकीला गोवर निघाला आणि ती घरीच अडकली. दोघे भाऊ याच हॉस्पिटलात गेले, आणि जसे गेले तसेच परत आले.

"दादाने ऐनवेळी माघार घेतली," नवऱ्याने सांगितलं होतं. "पण त्याला एका शब्दाने बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

दीर उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"खरं का हे भाऊजी?"

"तो म्हणतोय तसंच," दीर म्हणाला होता आणि चपला पायात सरकवून निघून गेला होता.

सहा महिन्यांत नवरा गेला. तिने शपथ पाळली. शब्द गिळले, ते आत आंबत राहिले.

आणि आता हा माणूस गावोगाव टाळ्या घेत होता! सुताराचा धंदा बंद ठेवून गेलेल्या भावासाठी निघालाय म्हणे, बायका कौतुकाने सांगायच्या. एका म्हातारीने तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "असा भाऊ देव सगळ्यांना देवो," ती म्हणाली. व्हॅनच्या स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली.

"अगं, तुझ्या डोक्यावर आधण ठेवलं असतं तर स्टोव्हचं रॉकेल वाचलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"ठेवा ना. चहा तुमच्या लाडक्यालाच पाजू."

प्रत्येक थांब्यावर तो आधी घरी फोन लावायचा. त्याचा धाकटा पोरगा बोबडं काहीतरी सांगायचा आणि हा दगडावर बसून हसायचा. तिच्या लेकीला असा फोन आता कुणाचा येणार नव्हता. हे हसू तिला फोडातल्या सुईपेक्षा खोल टोचायचं.

शेवटच्या चढाआधी तिला राहवलं नाही. "भाऊजी, एक विचारू? परक्यांसाठी एवढे पाय झिजवताय. सख्ख्या भावाला काय दिलंत?"

तो बुटाची नाडी बांधत होता. हात थांबले.

"त्याने शेवटी जे मागितलं, ते दिलं."

"पाठ दाखवलीत त्याला, पाठ! आणि वर तोंड करून सांगता?"

"पाण्याची बाटली दे," तो म्हणाला आणि लंगडत चढाला लागला.

हॉस्पिटलच्या आवारात खुर्च्या भरल्या होत्या. डॉक्टर होते, सिस्टर होत्या, तोंडं सुकलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक होते. दिराला पुढे बसवून त्याचे पाय गरम पाण्यात ठेवले होते. भाषणं झाली. मग कुणीतरी म्हणालं, घरच्यांनीही दोन शब्द बोलावेत.

ती उठली तसं दिराने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. घाबरला, तिला वाटलं. घाबरू दे.

"माझ्या नवऱ्याची शपथ आज मी मोडतेय," तिचा आवाज कर्ण्यातून आवारभर घुमला. "तुम्ही ज्याला देवमाणूस म्हणताय ना, त्याची किडनी माझ्या नवऱ्याला जुळली होती. ऑपरेशन ठरलं होतं. याने ऐनवेळी पळ काढला. माझा नवरा गेला तो याच्या भ्याडपणामुळे!"

मागच्या रांगेतला एक जण उठून सरळ फाटकाबाहेर निघून गेला. दीर पाण्यातल्या आपल्या पावलांकडे बघत बसला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

"बोला ना!" ती ओरडली. "आता तरी बोला!"

बाजूला उभ्या असलेल्या थोराड सिस्टर दोन पावलं पुढे आल्या.

"ताई, त्या दिवशी ड्यूटीवर मीच होते," त्या दिराकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हे तर ऑपरेशनच्या टेबलावर झोपून वाट बघत होते. उठून निघून गेले ते तुमचे मिस्टर."