पथ्याचा डबा

"वैद्यबुवा, तुमचं औषध लागू पडत नाही," असं फ्लॉसीने तोंडावर सांगितलं आणि चूर्णाची रिकामी बाटली बैठकीवर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

हरेश्वर वैद्य आधीच वैतागलेले होते. फ्लॉसीचा नवरा बॅप्टिस्ट त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास लागतात त्या सुमारास. आंबट ढेकर, छातीत आग, रात्री आडवं झालं की घशाशी येणारं पाणी. अम्लपित्ताचं इतकं चोख वर्णन वैद्यांनी पोथीबाहेर कधी ऐकलं नव्हतं. पण नाडी पाहावी तर बैलासारखी धडधाकट, आणि जीभ स्वच्छ. तरी त्यांनी जेवणाआधी घ्यायला अविपत्तिकर चूर्ण दिलं, सकाळी मोरावळा सांगितला आणि तिखट, व्हिनेगर, सुकी मासळी, ताडी सगळं बंद केलं. एवढं करून गुण नाही म्हणजे पथ्य मोडत असणार, असं ते म्हणाले, आणि तिथे फ्लॉसीचा तोल सुटला.

पथ्य? तिने व्हिनेगरची बाटली शेजारणीला देऊन टाकली होती. घरात मुगाचं वरण, दुधी, पडवळ आणि पुन्हा दुधी. मुलं ताटावर बसली की रडकुंडीला यायची. ईस्टरच्या दिवशी अख्ख्या उमेळे गावात मटणाचा घमघमाट सुटलेला आणि हिच्या चुलीवर दुधी. नवऱ्याला चालत नाही म्हणून ती स्वतःही बोंबलाला शिवली नव्हती. दुपारचा डबा केळीच्या बागेत जायचा तोही पथ्याचाच, आणि चाटूनपुसून रिकामा परत यायचा. तरी संध्याकाळी हा माणूस छातीवर हात ठेवून दारात उभा. अजून जळतंय म्हणे.

तिचा बापही असाच जळतंय जळतंय म्हणायचा. घरच्यांनी मनावर घेतलं नाही. एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना त्याला रक्ताची उलटी झाली, आणि पुढच्या रविवारी लोक त्याच्या मातीला जमले. फ्लॉसी आत्तापर्यंत भांडत होती ती खरं तर भीतीने. हे सगळं तिने वैद्यांना सांगून टाकलं. वैद्यांनी रिकामी बाटली बाजूला सारली. मग म्हणाले की आता माझी वाट बघू नकोस, त्याला मुंबईला ने आणि पोटाचा फोटो काढून घे.

एसटीतून उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. भर दुपारची तशीच बागेत शिरली. रहाट काढून नवीन बसवलेला पंप चालू होता, पाणी पाटातून केळींना जात होतं, पण बॅप्टिस्टचा पत्ता नव्हता. बागेच्या पलीकडच्या टोकाला तिच्या सासूचं, अँजेलिनाचं घर होतं. धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात कुणाला आधी वाढलं यावरून दोघींचं वाजलं होतं आणि चुली वेगळ्या झाल्या होत्या. माझ्या चुलीवरचा एक दाणा म्हातारीच्या तोंडात जाणार नाही, असं फ्लॉसी म्हणाली होती. त्यापेक्षा मी उपाशी मरेन, असं अँजेलिना म्हणाली होती. दोघी शब्दाला पक्क्या. बॅप्टिस्ट बिचारा गप्प बसण्यात पक्का.

त्या घराच्या मागच्या बाजूने भाजलेल्या बोंबलाचा वास आला. फ्लॉसी खिडकीपाशी थबकली.

आत बॅप्टिस्ट तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबील खात होता. लालभडक कालवण ओरपत होता. कपाळावर घाम, तोंडावर समाधान. समोर म्हातारी, तिच्या मांडीशी फ्लॉसीचा डबा उघडा. मुगाचं वरण आणि भात ती बोटांनी चुरत होती. तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे एकेक घास बराच वेळ घोळवत होती.

"आय, मी पुडीत बांधून आणलेली वैद्यांची पूड घेतलीस?" बॅप्टिस्टने विचारलं.

"घेतली रे. तुझी बायको हे असलं मिळमिळीत रांधते. तुला जात नाय, आनि अन्न टाकवत नाय, म्हनून मी खाते हो. तिचं कोन खातंय!" म्हातारीने पाण्याचा घोट घेतला. "पन छातीतली आग गेली बघ. कालची रात मी झोपले."

आग म्हातारीची होती. वैद्यांना सांगितलेलं वर्णनही म्हातारीचंच होतं. बॅप्टिस्टने फक्त हात आपल्या छातीवर ठेवला होता.

फ्लॉसी केळीच्या बुंध्याशी मटकन बसली. हा मरत नाही, एवढंच आधी तिच्या डोक्यात शिरलं आणि तिला रडू आलं. मग संताप आला. ईस्टरचा दुधी आठवला. रात्र रात्र जागून त्याचा श्वास ऐकला होता तेही आठवलं. आत जावं आणि म्हातारीसमोरचा डबा हिसकावून घ्यावा म्हणून ती उठली. खिडकीतून पाहिलं तर म्हातारी डब्याचा तळ बोटाने निपटून चाटत होती. फ्लॉसी तशीच घरी गेली.

संध्याकाळी बॅप्टिस्ट दारात आला. हात छातीवर. "अजून जळतंय गं," तो म्हणाला आणि बोलता बोलता थांबला. घरभर बोंबील तळल्याचा वास होता. मुलं मान वर न करता खात होती. फ्लॉसीही त्यांच्यात बसून मन लावून खात होती. तिने उठून त्याला ताट वाढलं. दुधी आणि मुगाचं वरण.

त्याने मुलांच्या ताटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्हाला पथ्य आहे ना," फ्लॉसी म्हणाली आणि दुधीचा आणखी एक डाव त्याच्या ताटात टाकला. "आणि उद्यापासून डब्यातला भात जरा जास्त शिजवते. आयला चावत नाही."