नवमीचं पान

‘कुंकू पुसू नको. कोणी काही म्हणो. आन् मी बोलावीन तोवर माझ्याबद्दल कोणाजवळ बोलू नको.’

देवकी रोज आंघोळ करून आरशासमोर उभी राहिली, की आधी हे शब्द आठवत, मग देवाचं नाव. त्या सकाळीही आठवले. तिनं कुंकू टेकवलं, तुळशीला पाणी घातलं आणि मिरच्यांचं पोतं दारात ओढून देठ खुडायला बसली. इतवारीतल्या व्यापाऱ्याचा माणूस संध्याकाळी माल न्यायला येणार होता. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. हात जड झाले होते.

गल्लीत मात्र दुसरा विषय नव्हता. टीव्ही एकट्या शोभाताईंकडे. काल रात्री उशिरा त्यावर सुमंतकुमारची मुलाखत झाली आणि सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत दाटीवाटीनं बसली. एवढा मोठा नट, आणि आपल्या विदर्भातला. हसत बोलत होता, पण बायकोचा विषय निघाला आणि रडला. सिनेमात येण्याआधीच ती वारली. इंदू तिचं नाव. दर अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो, म्हणाला. यंदा शूटिंग परदेशात, तेवढं एक राहून जाईल.

तिथवर ऐकून देवकी उठली होती. दिव्यात तेल घालायचं राहिलंय, म्हणाली होती.

“माय वं, कसा रडला!” शोभाताईंची जया नळावर सांगत होती. “माही तर उशी भिजली रात्री.”

“इंग्रजीत नापास झाली तवा नाही भिजली,” शोभाताई म्हणाल्या. पण डोळे त्यांचेही सुजले होते.

कोपऱ्यावरच्या पानठेल्यात बळीरामनं सुमंतकुमारच्या फोटोला झेंडूचा हार घातला. शोभाताईंचे यजमान गणपतराव तिथंच उभे होते. ते ओरडले, “काढ तो हार! जित्त्या माणसाले हार घालते का गा कोणी? मेली ते त्याची बायको.”

“तिचा फोटो कुठून आणू, मालक?”

शोभाताईंनी नळावरूनच नवऱ्याला विचारलं, “तुम्ही घालसान का माह्या मागं दरवर्षी पान?”

“तू जाऊन तर दाखव आधी.”

सगळे हसले. देवकीनं पोत्यातून आणखी एक ओंजळ काढली.

दुपारी शोभाताई तिच्या दारात येऊन बसल्या. मागोमाग शेजारच्या पार्वतीबाई.

“त्याले जमत नाही तर आपण करू,” शोभाताई म्हणाल्या. “परवा नवमी. त्या इंदूच्या नावानं पान वाढतो. खीर, वडे, पुरण, सगळं. सवाष्ण म्हणून तू ये, देवकी.”

देवकीचा हात थांबला. “मी? काहून?”

“मंग कोण? सोमवार, चतुर्थी, एकादशी, एक सोडत नाहीस. तुह्यासारखी बाई जेवली तर त्या बिचारीले पोचन.”

“बाईचं ठीक आहे,” पार्वतीबाई म्हणाल्या. “नवऱ्याचं काय? मुंबईले गेला, त्याचा ना निरोप ना पत्ता. सवाष्ण आहे की नाही, हे हिले तरी ठाऊक आहे का? मेलेल्या बाईच्या पानाचं पाप आपल्याले नको, बाई.”

शोभाताई ओशाळल्या. देवकी मान वर न करता म्हणाली, “आहेत ते.”

“कधी पाह्यले होते?”

एक देठ मोडला. “पाह्यले.”

“कुठं?”

“दुरून.”

“दुरून!” पार्वतीबाईंनी हनुवटीला बोट लावलं. “नवऱ्याचं नाव घेत नाही, माहेरचं नाव सांगत नाही. कोणाची कोण, काही पत्ता नाही. हे पाह्य, खरंच सवाष्ण असशील तर परवा ये आन् जेव. नाही आलीस तर आम्ही काय ते समजू. मंग हळदीकुंकवाले बोलावणं येईन, याची वाट पाहू नको.”

देवकीनं हातातल्या मिरचीचा देठ खुडला.

“येईन,” ती म्हणाली.

“डोळे पाह्य किती लाल झाले,” शोभाताई उठता उठता म्हणाल्या. “धुऊन घे वं.”

“मिरची आहे.”

पुढचे दोन्ही दिवस तिनं पूजा केली, पण देवाजवळ काही मागितलं नाही. काय मागायचं तेच सुचेना. हे कुंकू सांभाळायचं तरी कुठवर, असं पहिल्यांदाच मनात आलं. एकदा तर ओलं बोट कपाळापर्यंत गेलं. पुसलं की सुटका. पार्वतीबाईही गप्प झाल्या असत्या आणि कुणाला काही सांगायचं उरलं नसतं.

मग तिला वाटलं, माणूस डोळ्यांनी धडधाकट पाहिला आहे. अंगानं भरला आहे, केस पिकलेले नाहीत. जित्त्या माणसाचं कुंकू पुसणं हे पापच. शब्द दिला तेव्हा देव साक्षीला होता. आपण आपला शब्द पाळायचा. दुसऱ्याचं देव पाहील.

नवमीच्या दुपारी तिनं हाताची आग जावी म्हणून बोटं ताकात बुडवली. हिरव्या बांगड्या भरल्या. ठेवणीतलं लुगडं नेसली आणि रोजच्यापेक्षा थोडं मोठं कुंकू लावलं.

जया धावत आली. “मावशी, चला ना, पान वाढून राहिले! आई म्हणते, उशीर काहून? बाबा विचारून राहिले, संकल्पात नाव कोणतं घ्यायचं? इंदूच म्हणाला होता ना तो?”

“इंदूच,” देवकी म्हणाली.

“बिचारी! कशी असन ना हो ती?”

“असन अशीच. चारचौघींसारखी.”

जया पुढं पळाली. देवकीनं देवापुढचा दिवा सारखा केला, दाराला कडी घातली.

‘कुंकू पुसू नको, इंदू,’ एस.टी.त चढताना तो म्हणाला होता. माहेरच्याच नावानं हाक मारायचा. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि आपल्या नावाचं पान जेवायला निघाली.