केळीत उतरलेलं जेट

त्या रविवारी पितांबरने रिमोटची दांडी बाजूला ओढली, पण विमान वळलंच नाही. तापीपलीकडे केळीच्या बागांवरून सरळ गेलं आणि दिसेनासं झालं. दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनचा फिटर असलेल्या पितांबरने तीन वर्षं खपून ते चार हात लांब जेट बनवलं होतं. पण आता त्याला जेटचं काही वाटेना. टाकीत लिटरभर रॉकेल होतं आणि खाली बागांत माणसं कामाला होती.

दोन दिवस तो बागा पालथ्या घालत फिरला. तिसऱ्या दिवशी पंखावरचा पत्ता विचारत यावलकडचे एक शेतकरी, तोताराम आबा, विमान बैलगाडीत घालून दारात आले.

"आबा, कुणाला लागलं का?"

"कोनाले लागीन, भाऊ? बाया बांधावर भाकर खात होत्या. दोन केळी आडव्या केल्या तुमच्या इमानानं. घड कच्चे होते, दोन दिवस झाले घरात त्याचीच भाजी चालू."

पितांबर ओट्यावर टेकला आणि तीन दिवसांनी हसला.

"पन ते ऐकेनासं काबरं झालं?"

"उडवायच्या आधी एकाने रिमोट घेऊन पन्नास पावलं लांब जायचं असतं. दुसऱ्याने विमानापाशी बसून ते ऐकतंय का बघायचं. या खेपेला ते केलंच नाही."

"काबरं?"

"पावलं आमची कुंदा चालायची."

त्याच्या बायकोला, कुंदाबाईला, जाऊन चार महिने झाले होते. तिच्या जागी कोण चालणार, ते अजून ठरायचं होतं.