जिंकणाऱ्याची अंगठी

एका नामांकित व्हायोलिनवादकावर टीव्ही मालिका निघाली, पण हिरोला व्हायोलिन धरताही येईना, म्हणून जवळून दिसणारे हात व्हायोलिन शिकवणाऱ्या एका मास्तरांचे घेतले. हे मास्तर तरुणपणी त्याच वादकाकडून स्पर्धेत हरलेले. "परीक्षक त्याचेच सोयरे होते," असं शिकवणीतल्या पोरांना अजूनही न विचारता सांगत. आज नेमका त्याच स्पर्धेचा प्रसंग होता. सकाळी हिरोची पाचूची अंगठी बोटात अलगद सरकली आणि मास्तरांनी जिंकणाऱ्याचं वादन हात राखून उरकलं. दुपारी अंगठी उतरवून हरणाऱ्याचे, म्हणजे स्वतःचेच हात व्हायचं होतं. तेव्हा मात्र त्यांनी इतका जीव ओतला की चहावालाही कपबशा धरून थबकला. "मास्तर, हरणारा असा वाजवतो होय?" दिग्दर्शक हरखला. "अंगठी घाला, हेच हिरोसाठी वाजवा!" मास्तरांनी अंगठी बोटाच्या टोकाला टेकवली आणि कण्हल्यासारखं केलं. "जात नाही हो. सुजलंय बोट."